रिओव्हानेसमध्ये अडकलात? जपानी आरपीजी सोडू नका, आधी हे वाचा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. स्कायरिम आणि विचर ३ हे पाश्चात्त्य आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) मनापासून खेळलात, मित्राने सांगितलं म्हणून फोनवर फायनल फँटसी टॅक्टिक्स या जपानी आरपीजीची 'वॉर ऑफ द लायन्स' ही आवृत्ती घेतलीत, पन्नासेक तास खेळलात आणि आता रिओव्हानेस किल्ल्यात विग्राफ या शत्रूसमोर अडकला आहात. सेव्ह एकच. मागे जाता येत नाही, पुढे जाता येत नाही. आणि शेवटी विचारलंय, "जपानी आरपीजी सगळे असेच असतात का? मग पाश्चात्त्यच खेळत राहू का?"

शेवटच्या प्रश्नासाठी हे लिहितोय. मी नेमका तिथेच, त्याच खोलीत अडकलो होतो, आणि त्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर स्वतःलाच देऊन अकरा वर्षं घालवली.

आधी तुमच्या पोस्टखाली आलेल्या उत्तरांबद्दल. चौघांनी लिहिलंय, "लेव्हल वाढवा, ग्राइंड करा," म्हणजे छोट्या लढाया पुन्हा पुन्हा करून ताकद वाढवा. मलाही तेव्हा हेच सांगितलं गेलं होतं. अहो, बाहेर पडताच येत नाही हे तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय! किल्ल्याच्या दारातली लढाई संपली की गेम सेव्ह करायचं का असं विचारतो. आपण 'हो' म्हणतो. तिथून नकाशावर परतायची वाट नाही, दुकान नाही, सराव करायला रान नाही. पुढची लढाई राम्झाने, म्हणजे गेमच्या नायकाने, एकट्याने विग्राफशी करायची, आणि ती जिंकली की लगेच त्याचं राक्षसी रूप समोर उभं. ग्राइंड करायचं कुठे? प्रश्न पूर्ण न वाचता उत्तर देणाऱ्यांमुळे नवखी माणसं गेम सोडतात, याचा मला मनापासून राग येतो.

माझी गोष्ट थोडक्यात. २००९ ची चवथ. बोटीवर असणाऱ्या मामांनी आणलेला पीएसपी (हातात धरून खेळायचा गेमयंत्र), डिचोलीजवळच्या आमच्या गावातलं मोठं घर, सगळे काका-आत्या जमलेले. रात्री वीज गेलेली. आरती, भजन आटोपून मंडळी आडवी झाली आणि मी देवाच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसलो होतो. वर टांगलेली फळापानांची माटोळी, तिच्यातल्या कच्च्या सुपाऱ्यांचे घोस पीएसपीच्या उजेडात मध्येच दिसायचे. विग्राफ बोलायला लागायचा, मी बटण दाबत ते संवाद पुढे ढकलायचो, त्याची पाळी यायची, तलवारीचा तो न चुकणारा वार पडायचा, राम्झा खाली. पुन्हा लोड. पुन्हा तेच संवाद. बॅटरी संपेपर्यंत हेच. विसर्जनापर्यंत मी तीस-चाळीस वेळा हरलो असेन.

घोडचूक लढाईतली नव्हतीच. घोडचूक होती सेव्हची. मी त्याआधी सगळं कॉम्प्युटरवर खेळलेलो: मॉरोविंड, ऑब्लिव्हियन. तिथे दर पाच मिनिटांनी क्विकसेव्ह (एका बटणात सेव्ह) मारायची बोटांना सवय. जुन्या सेव्हवर नवी गेली तरी बिघडत नाही, कारण जग मोकळं असतं. एखादा शत्रू झेपला नाही तर पळा, दुसऱ्या गावी जा, महिन्याभराने परत या. तीच सवय घेऊन मी टॅक्टिक्स खेळलो. सेव्हच्या इतर जागा रिकाम्या असताना साठ तासांचा खेळ एकाच जागेवर सेव्ह करत गेलो. तुम्हीही स्कायरिमवरून आलात, म्हणून तुमचंही तेच झालं असणार अशी माझी समजूत आहे.

मग मी काय केलं? "जपानी गेम म्हणजे छळ" असं ठरवून टाकलं आणि पीएसपी म्हापशात एका दुकानात मिळेल त्या किमतीला विकला. त्यानंतर २०२० पर्यंत एकही जपानी आरपीजी हातात धरला नाही. साठ तास गेल्याचं दुःख कधीच विरलं. ती अकरा वर्षं मात्र अजून सलतात.

२०२० च्या जूनमध्ये पर्सोना ४ गोल्डन कॉम्प्युटरवर आला. लॉकडाउन, बाहेर धो धो पाऊस, दुसरं काही करायला नाही, म्हणून घेतला. त्यात एका लहानशा जपानी गावात शाळेत जाणारा मुलगा असतो, आणि सलग काही दिवस पाऊस पडून धुकं उतरायच्या आत संकटात सापडलेल्या माणसाला सोडवावं लागतं. त्यामुळे रोज संध्याकाळी घरी आलं की टीव्हीवरचा हवामान अंदाज बघायचा. इथे छपरावर पाऊस वाजतोय आणि मी गेममधला पाऊस मोजतोय. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: या गेममध्ये मी गोष्ट घडवायला आलेलोच नाही. गोष्ट लिहून झालेली आहे. माझं काम आहे त्या प्रसंगाला तयारीनिशी पोचणं.

आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळेल. पेडण्याच्या बाजूला दशावतारी काला बघितला असेल. आख्यान ठरलेलं, पण संवाद लिहिलेले नसतात. राजाचं काम करणाऱ्याने एक वाक्य टाकलं की समोरच्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. पाश्चात्त्य आरपीजी हा असा खेळ आहे. त्याचं मूळच तसं: १९७४ चा डन्जन्स अँड ड्रॅगन्स. टेबलाभोवती माणसं बसलेली, एक जण जग सांभाळतोय, बाकीचे "मी दार फोडतो", "मी त्याला लाच देतो" म्हणतायत आणि फासे पडतायत. २०२३ चा बॉल्डर्स गेट ३ उघडपणे तेच फासे पडद्यावर टाकतो. मास इफेक्टमध्ये पहिल्या भागात ज्याला मरू दिलंत तो तिसऱ्या भागात नसतो. जग तुम्हाला उत्तर देतं.

जपानी शैली म्हणजे देवळाच्या उत्सवात होणारं संगीत नाटक. संहिता पक्की. नायिका कधी रडणार हे ठरलेलं. तरी आपण तेच नाटक पाचव्यांदा बघतो, कारण पद कसं रंगतं ते ऐकायचं असतं. जपानी आरपीजीत तुमचं पद म्हणजे तयारी: कोणाला कुठलं काम (लढवय्या, केमिस्ट असा पेशा) शिकवायचं, कोण पुढे, कोण मागे, कुठली विद्या कुठे जोडायची. टॅक्टिक्स तर हे सुरुवातीलाच सांगतो. सिंहांचं युद्ध होऊन शतकं लोटली आहेत आणि एक इतिहासकार दडपलेलं सत्य सांगतोय अशी त्याची चौकटच आहे. घडून गेलेल्या इतिहासात शेवट बदलायची मुभा कशी असणार? मी ते निवेदन पुढे ढकललं होतं. तुम्ही नव्याने सुरू केलंत तर ते शांतपणे वाचा.

आता सेव्हच्या या फरकामागे थोडा इतिहास आहे, आणि तो कळला तर राग निम्मा उतरतो. दोन्ही शैलींचं मूळ एकच. १९८१ मध्ये अमेरिकेत अल्टिमा आणि विझर्ड्री आले, दोन्ही कॉम्प्युटरवरचे. जपानमध्ये युजी होरी यांना त्यांनी झपाटलं आणि १९८६ मध्ये त्यांनी ड्रॅगन क्वेस्ट काढला, पण फॅमिकॉम या घरगुती कन्सोलवर, टीव्हीला जोडून खेळणाऱ्या मुलांसाठी. कीबोर्ड नाही, डिस्क नाही, अख्खा गेम ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये खोचायच्या कॅसेटमध्ये). सेव्ह ठेवायला जागाच नव्हती. राजाकडे जायचं, तो वीस अक्षरांचा मंत्र देणार, तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी टाकायचा. एक अक्षर चुकलं की गेलं. पुढच्या वर्षी आलेल्या फायनल फँटसीच्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी होती, मग मेमरी कार्डं आली, पण सेव्ह ही विशिष्ट ठिकाणी, विचार करून करायची गोष्ट आहे हा संस्कार राहिला. कॉम्प्युटरवर वाढलेल्या पाश्चात्त्य गेमना डिस्क पहिल्यापासून हाताशी होती. त्यामुळे तिकडे सेव्ह म्हणजे श्वास, इकडे सेव्ह म्हणजे मुक्काम.

हे माझं मत आहे, अभ्यासकाचा निवाडा नाही. आणि 'जपानी' हा शिक्का देशाला मारू नका, शैलीला मारा. एल्डन रिंग जपानी कंपनीचा, पण मोकळ्या रानात सोडून देतो. २०२५ चा एक्स्पेडिशन ३३ फ्रान्समध्ये बनला आणि पाळीपाळीने लढतो, थेट जुन्या फायनल फँटसीच्या घराण्यातला. फायनल फँटसी १६ चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितलं होतं की 'जेआरपीजी' (जपानी आरपीजी) हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा तो काही जपानी निर्मात्यांना भेदभावाचा वाटला होता. तो शब्द मीही अकरा वर्षं शिवीसारखाच वापरला, म्हणून मला ते लागलं.

उलट्या बाजूनेही माणसं फसतात, ते सांगून ठेवतो. जपानी गेमची सवय असलेला बॉल्डर्स गेट ३ घेतो, आपल्या पात्राच्या डोक्यात अळी आहे, काही दिवसांत राक्षस होणार हे ऐकतो आणि पर्सोनासारखे दिवस वाचवायला लागतो. रात्रीचा मुक्कामच करत नाही. सोबत्यांच्या गोष्टी त्या मुक्कामातच उलगडतात, त्या सगळ्या हुकतात. आणि तरीही वॉकीन्स रेस्टच्या पेटलेल्या सराईशी पोचल्यावर झोपायला जाल तर आतली माणसं जळून मरतात. कुठली घाई खरी आणि कुठली गोष्टीपुरती, हे प्रत्येक शैलीत नव्याने शिकावं लागतं.

आता तुमच्या किल्ल्याकडे. गेम पुसू नका. त्या लढाईआधी दुकान नसलं तरी काम, हत्यारं आणि शिकलेल्या विद्या बदलता येतात. राम्झाकडे केमिस्टच्या कामाचे ४०० गुण साठले असतील तर 'ऑटो-पोशन' शिकवा. मार बसला की तो आपोआप औषध घेतो. आधी हलकं औषध वापरलं जातं, त्यामुळे झोळीत काय आहे ते बघा. दुसरं, राम्झाचं 'टेलविंड'. लढाई सुरू झाली की विग्राफवर धावून जाऊ नका. लांब राहा आणि पाळी आली की स्वतःवर टेलविंड, पुन्हा टेलविंड. दर वेळी वेग वाढतो. काही वेळाने त्याच्या एका पाळीत तुमच्या दोन-तीन येऊ लागतात, मग हल्ला करा. यश मिळेलच अशी हमी देत नाही. राम्झाचं रक्त (जीवनशक्तीचा आकडा) फार कमी असेल तर पहिल्या दोन वारांतच तो पडतो. पण या वाटेने पुष्कळांची सुटका झाली आहे. मला २००९ मध्ये हे एकाने सांगितलं असतं तर!

नाहीच जमलं तर नव्याने सुरू करा, पण तीन जागांवर आळीपाळीने सेव्ह करत, आणि गोष्टीच्या प्रत्येक लढाईआधी नकाशावरची एक सेव्ह अशी ठेवा की तिला हात लावायचा नाही. टॅक्टिक्सच्या २०२५ च्या नव्या आवृत्तीत आपोआप सेव्ह होतं, तरी सवय सोडू नका. पर्सोना ४ कधी घेतलात तर डिसेंबरच्या सुरुवातीला हॉस्पिटलमधला प्रसंग येतो, त्याआधी वेगळी सेव्ह हवीच. तिथे घाईत उत्तर दिलं की खरा शेवट हुकतो.

टॅक्टिक्सने मन विटलं असेल तर मध्ये क्रोनो ट्रिगर खेळा. १९९५ चा आहे, फोनवर मिळतो, वीस-पंचवीस तासांत संपतो आणि गंमत म्हणजे त्याला अनेक शेवट आहेत. पणजीला कदंबा बसने जाता-येता माझा दोन महिन्यांत झाला. शंभर तासांचा गेम पहिला घेऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो.

पावसाळ्याचं एक राहिलं. कंट्रोलर आणि जुन्या डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नाहीतर आपल्या हवेत ऑगस्टपर्यंत बुरशी धरते. कन्सोलला छोटा यूपीएस लावा. सेव्ह चालू असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते.

राम्झाचं सध्याचं काम, केमिस्टचे गुण आणि झोळीत कुठली औषधं किती आहेत ते इथे लिहा. आज रात्री आठनंतर मी घरी असेन, आकडे बघून सांगतो.