ट्राय-कॅचने भागत नाही तेव्हा : वाचकांचे प्रश्न

या वेळी मेलमध्ये एकाच विषयावरचे प्रश्न खूप होते, त्यामुळे बाकीचे पुढच्या अंकाला ठेवलेत. कोणी टाइपस्क्रिप्टवाले, कोणी जावावाले, एक कॉलेजचा मुलगा, पण विचारायचंय सगळ्यांना साधारण तेच, की एरर आणि साइड इफेक्ट (प्रोग्रॅमने बाहेरच्या जगाशी केलेला व्यवहार, जसं डेटाबेसमध्ये लिहिणं) टाइपमध्ये, म्हणजे फंक्शन काय परत देतं ते सांगणाऱ्या खुणेत, आणायचे म्हणजे नक्की काय करायचं आणि एवढा खटाटोप करून हातात काय पडतं.

प्रश्न : आमच्या टीममध्ये नवीन सीनियर आलेत, त्यांनी टाइपस्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये इफेक्ट नावाची लायब्ररी आणलीय. क्लासची फी भरायचं आमचं एक छोटं फंक्शन होतं, ट्राय-कॅचमध्ये (काही चुकलं तर तिथेच पकडायची रचना) टाकलेलं, व्यवस्थित चालत होतं. आता त्याचा टाइप बघूनच डोकं गरगरतं. ट्राय-कॅचमध्ये असं वाईट काय होतं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या जुन्या फंक्शनचा रिटर्न टाइप असणार प्रॉमिस<पावती>. तो वाचून मला एवढंच कळतं की कधीतरी पावती मिळेल, पण नाही मिळाली तर का नाही मिळाली याबद्दल त्यात एक अक्षर नाही. आणि फी भरताना काय काय होऊ शकतं ते बघा ना, नेट गेलं, बँकेने नकार दिला, गेटवेचा (पैसे घेणाऱ्या ऑनलाइन सेवेचा) सर्व्हर पडला, गेटवेने उत्तर दिलं पण जेसनचा (डेटा पाठवायच्या मजकुराचा) आकारच बदललेला, किंवा उत्तर आलंच नाही. हे सगळं तुमच्या त्या एका कॅचमध्ये येऊन पडतं आणि तिथे जे व्हेरिएबल मिळतं त्याचा टाइप अननोन (काय आहे ते माहीत नाही), म्हणजे टाइपस्क्रिप्ट ४.४ पासून स्ट्रिक्ट मोडमध्ये अननोन, त्याआधी तर सरळ एनी (काहीही चालेल) होता. मग माणूस काय करतो, "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" असा मेसेज दाखवून मोकळा होतो. पण खात्यात पैसेच नाहीत म्हणून बँकेने नकार दिलाय तर पुन्हा प्रयत्न करून त्या पालकाने करायचं काय?

फेचचं (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनचं) एक वागणं बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून इथेच सांगतो. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० हा एररचा कोड दिला तरी फेच थ्रो करत नाही, म्हणजे एरर फेकत नाही, त्याच्या लेखी उत्तर आलं म्हणजे झालं, रिस्पॉन्सवरचं ओके तुम्ही स्वतः तपासायचं. ते नाही तपासलं तर कोड तसाच पुढे जातो, गेटवेने ५०० बरोबर एचटीएमएलचं एरर पेज पाठवलेलं असतं, ते जेसन समजून पार्स करायला जातो आणि लॉगमध्ये दिसतो सिंटॅक्स एरर. आता रात्री ऑन-कॉल ड्युटीवर असलेला माणूस पार्सिंगमध्ये बग शोधत बसणार, सर्व्हर पडलाय हे त्याला कळणारच नाही.

आता तुमच्या सीनियरनी लिहिलेला टाइप बघा, तो साधारण असा असेल : इफेक्ट<पावती, बँकेचा_नकार | नेट_गेलं | उत्तर_नाही, गेटवे>. पहिल्या जागी यशस्वी झालं तर काय मिळणार ते, दुसऱ्या जागी काय काय बिघडू शकतं ते, तिसऱ्या जागी हे चालवायला काय लागणार ते. बस, एवढंच आहे. स्काला भाषेतल्या झिओ लायब्ररीचं पण हेच तीन जागांचं गणित आहे, फक्त क्रम उलटा, आधी काय लागणार, मग एरर, मग उत्तर. प्रत्येक एररवर एक टॅग असतो, नाव असल्यासारखा, आणि कॅचटॅग लावून तुम्ही बँकेचा नकार हाताळलात की पुढच्या टाइपमधून तो नकार गायब होतो. हे मला या लायब्ररीतलं सगळ्यात आवडतं. उरलेल्या एररची यादी कंपायलर ठेवतो, तुम्ही डोक्यात ठेवायची नाही, आणि सगळं हाताळून झालं की दुसऱ्या जागी नेव्हर, म्हणजे एरर येणारच नाही, असं दिसतो. उद्या कोणी त्या फंक्शनमध्ये "फी आधीच भरलीय" असा नवा एरर घातला, तर जिथे जिथे तुम्ही नेव्हर धरून चालला होतात तिथे तिथे बिल्ड लाल होणार, म्हणजे कोड कंपाइलच होणार नाही. ट्राय-कॅचमध्ये हाच नवा एरर गुपचूप जुन्या मेसेजमध्ये जाऊन बसला असता.

फक्त एक सांभाळा, दिसेल तो एरर टाइपमध्ये भरू नका. माझा नियम असा आहे की फंक्शन कॉल करणारा त्या एररसाठी वेगळं काही करणार असेल तरच तो टाइपमध्ये. कॉन्फिगमध्ये गेटवेची की टाकायची राहिली किंवा जे कधीच होऊ नये ते झालं, तर तिथे कॉल करणारा काय करणार, काहीच नाही. अशा गोष्टींना इफेक्ट आणि झिओ दोन्ही डिफेक्ट म्हणतात, त्यासाठी डाय आणि ऑरडाय आहेत, ते वापरा आणि सगळ्यात वरच्या पातळीवर लॉग करा. नाहीतर दुसऱ्या जागी पंधरा एररची माळ होते आणि मग लोक कंटाळून सगळ्यांना एकच "ॲप एरर" नाव देऊन टाकतात, म्हणजे परत कॅचमध्येच आलात.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये साइड इफेक्ट नकोत असं शिकवलं. पण डेटाबेसमध्ये लिहायचं नाही, स्क्रीनवर दाखवायचं नाही, तर त्या प्रोग्रॅमचा उपयोग काय? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : बरोबर शंका आहे, आणि ही शंका ज्यांनी हॅस्केल ही फंक्शनल भाषा बनवली त्यांना पण सोडवावीच लागली होती. १९९० मध्ये भाषा आली तेव्हा इनपुट-आउटपुट करायची पद्धत फार अवघडलेली होती, प्रोग्रॅमने विनंत्यांची एक यादी द्यायची आणि उत्तरांची यादी घ्यायची असा प्रकार. मोनॅडवर (पायऱ्या एकामागे एक जोडायच्या रचनेवर) बांधलेला आयओ, म्हणजे इनपुट-आउटपुटचा, टाइप प्रमाण व्याख्येत आला तो १९९६ च्या १.३ आवृत्तीत. तेव्हापासूनची कल्पना अशी की साइड इफेक्ट करायचाच, फक्त फंक्शनने तो लगेच करायचा नाही, काय करायचंय त्याचं वर्णन परत द्यायचं, आणि ती सगळी वर्णनं जोडून एका ठिकाणी, प्रोग्रॅमच्या टोकाला, चालवायची. बँकेतली पैसे पाठवायची स्लिप भरून खिशात ठेवली तर पैसे जात नाहीत ना, खिडकीवर दिली की जातात, तोपर्यंत ती वाचता येते, दुसऱ्याकडून तपासून घेता येते. तसं.

जावास्क्रिप्टचं प्रॉमिस इथे वेगळं पडतं. प्रॉमिस हातात आलं म्हणजे काम सुरू झालेलं असतं, तुम्ही अवेट करा नाहीतर नका करू. त्यामुळे "हे प्रॉमिस तीनदा ट्राय कर" असं म्हणता येत नाही, प्रॉमिस बनवणारं फंक्शन पाठवावं लागतं. इफेक्टमध्ये रनप्रॉमिस, म्हणजे "आता चालव", म्हणेपर्यंत काहीच होत नाही, म्हणून तयार वर्णनाला मागून रिट्राय लावता येतो, टाइमआउट लावता येतो, वाढत्या अंतराने ट्राय करायचं वेळापत्रक लावता येतं, आणि मूळ कोडला हात लावायला लागत नाही. टेस्टमध्ये खऱ्या गेटवेच्या जागी खोटा द्यायचा तर वर सांगितलेल्या टाइपच्या तिसऱ्या जागेवर दुसरा लेअर (लागणारी गोष्ट पुरवणारा भाग) द्यायचा, झालं. तुम्हाला शिकवलेलं वाक्य "साइड इफेक्ट नकोत" असं न वाचता "न सांगता केलेले साइड इफेक्ट नकोत" असं वाचा.

प्रश्न : आम्ही सगळं केलंय, टाइप्ड एरर, रिट्राय, टाइमआउट. तरी एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेले. लायब्ररीत बग असेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लायब्ररीत बग असण्याची शक्यता फार कमी वाटते. टाइमआउटचा अर्थ आपण नेहमी "झालं नाही" असा घेतो आणि तिथेच घात होतो. टाइमआउट म्हणजे आपल्याला उत्तर मिळालं नाही, एवढंच. पैसे कापले गेले असतील, नसतील, अजून रस्त्यात असतील. यूपीआयने पैसे पाठवून पेंडिंग दिसतं तेव्हा आपण लगेच पुन्हा पाठवत नाही, थांबतो, स्टेटस बघतो, मग कोडने का पाठवावे? फायबर (इफेक्टमधलं चालू काम) इंटरप्ट झाला, रिक्वेस्ट ॲबॉर्ट झाली, तरी ते आपल्या बाजूला, गेटवेच्या सर्व्हरवर जे सुरू झालं ते त्याने थांबत नाही.

म्हणून पहिलं काम, एररचे टाइप वेगळे करा. "रिक्वेस्ट गेलीच नाही", "नकार आला" आणि "काय झालं माहीत नाही" या तीन गोष्टी तीन टॅगमध्ये पाहिजेत. पहिल्याला रिट्राय चालेल, दुसऱ्याला रिट्राय नाहीच, तिसऱ्याला आधी स्टेटस विचारायचं. इफेक्टच्या रिट्रायला अट देता येते, कोणत्या एररवर पुन्हा ट्राय करायचं याची, ती अट न देता नुसतं "तीन वेळा" लिहिलं असेल तर तो बँकेच्या नकारावर पण तीनदा जाणार आणि माहीत नसलेल्यावर पण.

दुसरं, आयडेम्पोटन्सी की. प्रत्येक व्यवहाराला आपण एक नंबर देतो आणि तोच नंबर पुन्हा आला तर गेटवे नवीन व्यवहार न करता जुन्याचंच उत्तर देतो, तुमचा गेटवे हे देतो का ते त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बघा. पण हे तुम्ही केलेलं असेल तरी एक जागा नीट तपासा : ती की कुठे तयार होते? रिट्राय संपूर्ण वर्णन पुन्हा चालवतो. रँडम की बनवायची ओळ त्या वर्णनाच्या आत असेल तर प्रत्येक वेळी नवी की तयार होणार, गेटवेला प्रत्येक वेळी नवा व्यवहार वाटणार आणि पैसे दोनदा कापले जाणार, टाइप सगळे हिरवे असूनसुद्धा. ती की रिट्रायच्या बाहेर तयार करा, कॉल करायच्या आधी डेटाबेसमध्ये लिहा, आणि मगच आत पाठवा. डेटाबेसमध्ये यासाठी की मध्येच तुमचा सर्व्हर रीस्टार्ट झाला तर उठल्यावर तीच की घेऊन स्टेटस विचारता आलं पाहिजे. आणि ज्या ग्राहकाचे दोनदा गेले त्याचे पैसे आज परत करा, कोड उद्या नीट करा.

प्रश्न : एरर टाइपमध्ये लिहायचे म्हणजे जावाचे चेक्ड एक्सेप्शनच झाले ना? ते तर सगळ्यांनी टाकून दिले. – एक वाचक, बंगळूरु

उत्तर : हेतू तोच आहे, हे मान्य. मेथडने थ्रोज लिहून आधीच सांगायचं की काय बिघडू शकतं, जावाने हे सुरुवातीपासून ठेवलं आणि मला वाटतं कल्पना चांगलीच होती. अडलं ते दुसरीकडे. चेक्ड एक्सेप्शन ही व्हॅल्यू नाही, ती टाइपबरोबर प्रवास करत नाही. २०१४ मध्ये जावा ८ मध्ये लॅम्डा (नाव नसलेली छोटी फंक्शनं) आले आणि स्ट्रीमच्या मॅपमध्ये फाइल वाचणारी मेथड टाकली की कंपायलर अडवतो, कारण तिथल्या इंटरफेसच्या सहीत थ्रोज नाही. मग लोक काय करतात, आतच ट्राय-कॅच लावून रनटाइम एक्सेप्शनमध्ये गुंडाळून फेकतात, म्हणजे जी माहिती टाइपमध्ये होती तीच फेकून दिली. कोटलिन आणि स्काला या भाषांनी हा प्रकारच घेतला नाही.

रिझल्ट, ईदर (दोन्ही म्हणजे उत्तर किंवा एरर यांपैकी एक धरणारे टाइप) किंवा इफेक्ट ही साधी व्हॅल्यू असते. ती यादीत ठेवा, मॅपमधून काढा, दुसऱ्या फंक्शनला द्या, एररचा टाइप सोबत जातो. आणि दोन फंक्शनं जोडली की दोघांच्या एररची बेरीज टाइपस्क्रिप्टमध्ये आपोआप निघते, हाताने थ्रोजची यादी लिहीत बसायला लागत नाही. रस्ट या भाषेने तर स्वतःतच रिझल्ट ठेवला आणि २०१६ च्या १.१३ आवृत्तीपासून प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर दिला, एरर असेल तर इथूनच परत फिर, एका चिन्हात. जावात जे लिहायला जड होतं ते तिथे लोक दिवसभर कुरकुर न करता लिहितात.

प्रश्न : ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये पाच चुका असल्या तरी माझा कोड पहिलीच दाखवतो. – एक वाचक, ठाणे

उत्तर : ईदर एकामागे एक जोडलं की पहिल्या एररला थांबतं, ते त्याचं कामच आहे. फॉर्मला सगळे एरर साठवणारं पाहिजे. इफेक्टच्या स्कीमात (डेटाचा आकार तपासणाऱ्या भागात) डीकोड करताना एरर्सचा पर्याय ऑल द्या, न दिल्यास तो फर्स्ट धरतो. स्कालाची कॅट्स लायब्ररी वापरत असाल तर त्यातला व्हॅलिडेटेड घ्या. पण एक फील्ड दुसऱ्यावर अवलंबून असेल, म्हणजे जिल्हा कळल्याशिवाय तालुका तपासता येत नसेल, तर तेवढा भाग एकामागे एकच ठेवावा लागेल.

प्रश्न : एरर टाइपमध्ये आणायचं हे मला पटलंय पण टीमला नाही. कोड मोठा आहे, सगळा बदलायचा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सगळा बदलायचा नाहीच. आणि टीमचं म्हणणं पण नीट ऐका, कारण त्यांच्या तक्रारी खऱ्या असतात. इफेक्टसारखी लायब्ररी आली की बहुतेक वेळा जनरेटर आणि यील्ड-स्टारच्या (मध्येच थांबून पुढे जाणाऱ्या फंक्शनच्या) पद्धतीने लिहितात, नवीन माणसाला रुळायला वेळ लागतो, आणि अर्धा कोड असा अर्धा तसा राहिला तर दोन्हीकडचा त्रास होतो. चार जणांच्या टीमला नेव्हरथ्रो सारखी छोटी लायब्ररी पुरते, त्यात ओके आणि एर एवढंच आहे, साइड इफेक्टचं वर्णन वगैरे काही नाही, पण एरर टाइपमध्ये येतात आणि निम्म्याहून जास्त फायदा तिथेच मिळतो. रिट्राय, कॅन्सल, एकाच वेळी पन्नास कॉल, कनेक्शन उघडून नक्की बंद करणं, हे रोजचं झालं असेल तेव्हा इफेक्ट घ्या.

सुरुवात सीमेवरून करा, म्हणजे जिथे तुमचा कोड बाहेरच्या जगाशी बोलतो तिथून. टीमला सगळ्यात जास्त छळणारा एक बाहेरचा कॉल निवडा, तोच, ज्याचे अलर्ट रात्री येतात. त्याच्याभोवती एक फंक्शन लिहा, आत इफेक्टचं ट्रायप्रॉमिस (प्रॉमिसला इफेक्टमध्ये गुंडाळणारं फंक्शन) लावा, आलेला अननोन एरर तिथल्या तिथे नाव असलेल्या दोन-तीन एररमध्ये बदला, आलेलं जेसन स्कीमातून तपासून घ्या, आणि बाहेर पुन्हा साधं प्रॉमिसच द्या, पण त्यात यश आणि अपयश दोन्ही व्हॅल्यू म्हणून असू देत. बाकीच्या कोडला कळणार पण नाही आत काय आहे. मग त्या फंक्शनचा जुना आणि नवा लॉग शेजारी ठेवून टीमला दाखवा, वाद घालत बसू नका. आधीच्या लॉगमध्ये "अनडिफाइंडची प्रॉपर्टी वाचता येत नाही" अशा ओळी असतील, नव्यामध्ये "गेटवेचं उत्तर ठरलेल्या आकारात नाही, रक्कम हे फील्ड गायब" असं असेल. ज्याने रात्री ते अलर्ट उचललेत त्याला आधी दाखवा, पुढचं फंक्शन कोणतं घ्यायचं ते तोच सांगेल.