जुना डेस्कटॉप भंगारात टाकायच्या आधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही अक्कलकोट रोडला राहतो, घराला लागूनच टॉवेलचे लूम आहेत. पप्पांनी २०१३ मध्ये घेतलेला डेस्कटॉप आहे, आय-थ्री ३२२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. टॅली, जीएसटी आणि लहान बहिणीचा कॉलेजचा अभ्यास सगळं त्याच्यावरच. आता चालू व्हायलाच लय टाईम घ्यायलंय आणि टॅली उघडली की बाकी सगळं हँग व्हायलंय. एक दुकानदार म्हणायलेत टाकून द्या नवीनच घ्या, दुसरे म्हणायलेत आय-सेव्हन प्रोसेसर बसवू. नेमकं काय करावं?
(एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : ताई, दोन्हीतलं काहीच लगेच करू नका. आधी घरच्या घरी एक तपासणी करा, फुकट आहे. कंप्युटर चालू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि टॅली उघडताना आकडे बघत बसा. माझा अंदाज असा की सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, वीस-तीस टक्क्यांवर निवांत असेल आणि डिस्क मात्र सारखी १०० टक्के दाखवेल. तसं दिसलं तर प्रोसेसर बिचारा मोकळा बसलाय आणि हार्ड डिस्ककडून माल यायची वाट बघतोय. मग तिथे आय-सेव्हन बसवून काय फरक पडणार, तोही वाटच बघत बसेल. वर तुमचा आय-थ्री ५५ वॅटचा आणि त्या पिढीचा आय-सेव्हन ३७७० हा ७७ वॅटचा, म्हणजे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये लूमशेजारच्या खोलीत उष्णता अजून वाढवायची आणि त्याचे पैसेही आपणच द्यायचे.

म्हणून पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपवाल्या डिस्कचा. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई जागा शोधत इकडून तिकडे जाते, विंडोज चालू होताना हजारो छोट्या छोट्या फाईली वाचाव्या लागतात आणि साधी डिस्क सेकंदाला शंभरेक वेळाच अशी उडी मारू शकते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तीच कामं ती सेकंदाला हजारोंनी करते. तुमच्या वेळच्या स्वस्त मदरबोर्डांवर बहुतेक एच६१ चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) असायचा, त्याला साटाचा, म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायच्या जोडणीचा, जुना ३ जीबीपीएसचा वेग मिळतो, त्यामुळे एसएसडीच्या डब्यावर लिहिलेला सेकंदाला ५०० एमबीच्या पुढचा आकडा तुम्हाला दिसणार नाही, साधारण निम्माच मिळेल, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका कारण खरा फायदा त्या उड्यांचा आहे आणि तो पुरेपूर मिळतो. अडीच इंची साटा एसएसडीच मागा. ती च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई जातीची एसएसडी घेऊ नका, या बोर्डावर तिच्यासाठी खाचच नसते. २४०-२५६ जीबी तुम्हाला पुरेल.

बसवायच्या आधी मात्र बॅकअप, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. टॅलीतूनच कंपनीचा बॅकअप पेनड्राईव्हवर घ्या, तो पेनड्राईव्ह काढून कपाटात ठेवा, शिवाय टॅलीचा डेटा फोल्डर, फोटो, बहिणीचे प्रोजेक्ट वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे तो चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. निळा रंग आणि गुड लिहून आलं तर ती डिस्क आतच दुसरी म्हणून राहू द्या. पिवळा येऊन कॉशन दाखवलं तर तिच्यावर एकही कामाची फाईल ठेवू नका, आणि क्लोन करायच्या, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीनवर उतरवायच्या, भानगडीतही पडू नका, नवीन एसएसडीवर विंडोज कोरं टाकून घ्या. मदरबोर्ड तोच असल्यामुळे आधी ॲक्टिव्हेट असलेलं विंडोज १० नेट जोडलं की सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर आधी विचारा कशाचे ते. अजून एक, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड आयडीई हा जुना असेल तर विंडोज टाकायच्या आधी एएचसीआय करून घ्या, नंतर नुसता बदलला की मशीन निळा पडदा दाखवत बसतं. पॉवरसाठी एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून) आलेली साटाचीच वायर वापरा, दुसऱ्या वायरला साटाचं टोक जोडणारे ते स्वस्तातले कन्व्हर्टर वितळलेले बऱ्याच जणांनी बघितलेत.

दुसरा खर्च रॅमचा. ४ जीबीत विंडोज, टॅली आणि दहा टॅब उघडलेला ब्राउझर बसत नाही, ८ करा. पण आधी सिस्टिमच्या माहितीत विंडोज ६४ बिट आहे का बघा, ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर कितीही लावा, वापरलंच जाणार नाही. तुम्हाला डीडीआर३ जातीची रॅम लागेल, नंतरच्या डीडीआर४ ची खाच वेगळी असते, ती बसतच नाही. काही स्वस्त डीडीआर३ फक्त एएमडी बोर्डावर चालणाऱ्या असतात, तेव्हा दुकानातच "इंटेलच्या एच६१ वर चालेल ना, नाही चालली तर बदलून द्याल ना" असं स्पष्ट विचारून घ्या. आणि इथे जपून खर्च करा. एसएसडी उद्या नवीन मशीन घेतलं तरी त्यात लावता येईल, डीडीआर३ रॅम मात्र कुठेच जाणार नाही, म्हणून चेक करून दिलेली सेकंडहँड ४ जीबीची कांडी मिळाली तर उत्तम.

आता विंडोजचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नोंदणी केलेल्यांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा तिसऱ्या पिढीचा आहे. आडमार्गाने टाकून देणारे भेटतील, पण धंद्याचा हिशेब असलेल्या मशीनवर मी तसं करू देणार नाही. माझा सल्ला, त्याच एसएसडीवर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्या, बहिणीचा अभ्यास, यूट्यूब, बँकेचं काम, मेल हे सगळं मिंटमधून करा, आणि विंडोज फक्त टॅलीपुरतं ठेवा. दोन-चार दिवस हाताला वेगळं वाटेल, मग सवय होते. आणि धंदा वाढला की नवीन मशीनचे पैसे बाजूला काढायला सुरुवात करा, कारण हा उपाय काही वर्षांचा आहे, कायमचा नाही.

प्रश्न : दुपारी कंप्युटर फार गरम होतो, पंख्याचा आवाज येतो आणि मधेच स्लो पडतो. काय बदलावं?
(भवानी पेठ)

उत्तर : बदलू नका, साफ करा. आपल्याकडे धूळ आहेच, आणि लूमच्या भागात तर सुताचा भुगा उडून कुलरच्या जाळीत नमद्यासारखा बसतो, हवाच जात नाही. प्लग काढा, चालू करायचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेट अंगणात न्या आणि ब्लोअरने साफ करा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं आत नको. दहा वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता कुलरकडे नेणारा लेप) वाळून कडक झालेली असते, ती पुसून मुगाएवढी नवीन लावली की तापमान चांगलंच उतरतं. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तुमचं मधेच स्लो पडणं तेच असणार.

प्रश्न : रोज सकाळी तारीख चुकीची दाखवतो, बँकेची साईट उघडत नाही.
(विजापूर रोड)

उत्तर : मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय, सीआर२०३२. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकीची असली की ब्राउझरला साईटचं सुरक्षा प्रमाणपत्र मुदतीत बसत नाही असं वाटतं, म्हणून साईट उघडत नाही. सेल बदलल्यावर बायोसमध्ये तारीख आणि साटाचा मोड पूर्वीसारखा आहे का तेवढं बघा.

प्रश्न : मुलाला गेमसाठी ग्राफिक्स कार्ड हवंय, मशीन २०१४ चं आहे. कुठलं घ्यावं?
(जुळे सोलापूर)

उत्तर : कार्ड सांगायच्या आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएस बघा सर. स्टिकरवर ४५० वॅट लिहिलेला पण हातात घेतला की हलका लागणारा, कुठलंच ८० प्लस (वीज वाया न घालवण्याचं) प्रमाणपत्र नसलेला असेल, तर पहिले पैसे तिथे घाला, कारण तो गेला की कधीकधी बोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जीटी १०३० हे कार्ड फक्त ३० वॅटवर चालतं, पण त्याच्यावर जुने आणि हलके गेमच. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल्स वेगळी वायर न लावता चालतात, त्यातलं सेकंडहँड मिळालं तर दुकानात अर्धा तास गेम चालवून बघूनच घ्या, आणि जुन्या बायोसवर नवीन कार्ड कधीकधी डिस्प्लेच देत नाही, म्हणून स्वतःचं कॅबिनेट बरोबर घेऊन जा.