सिनियर सिस्टर पेशंटसमोर ओरडतात, ओव्हर अर्धवट देतात: हे शिकवणं की छळ?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत. सिनियर सिस्टर पेशंटसमोर ओरडतात, नाइट ड्युट्या तुमच्याच वाट्याला जास्त येतात, आणि ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती सोपवताना, गोष्टी गाळल्या जातात. वर ‘आम्हीही हेच सोसलं, तूही तयार होशील’ असं ऐकवलं जातं. याला छळ म्हणायचं का आणि नोकरी सोडायची का, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी स्टाफ नर्स होते, पुढे वॉर्ड इन्चार्ज झाले, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय. तिन्हींतली सगळ्यात गंभीर तक्रार तिसरी आहे, आणि तीच तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिलीत. ओरडणं चारचौघांत होतं म्हणून ते लागतं. गाळलेली माहिती कुणाला दिसतच नाही. एखाद्या वॉर्डात छळ चालतो की नाही हे ओळखायला मी आवाज बघत नाही. समोरचं माणूस माहिती तुमच्यापर्यंत पोचू देतंय की अडवतंय, एवढंच बघते.

माझ्या सुरुवातीच्या काळात दोन सिनियर होत्या. एकीचा आवाज कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. कुणी नवीन मुलीने पोटॅशियम क्लोराइड हातात घेतलं की ती असेल तिथून धावत यायची, सगळ्यांदेखत खडसवायची, आणि त्याच दमात सांगायची की हे डायल्यूट न करता थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडू शकतं. किती सलाइनमध्ये मिसळायचं, किती वेगाने द्यायचं, मॉनिटरवर कुठे लक्ष ठेवायचं. दुसरीने कधी आवाज चढवला नाही. गोड बोलायची. तिच्या ओव्हरमध्ये मात्र नेमकं काहीतरी राहून जायचं. एखाद्या पेशंटची सकाळी एंडोस्कोपी आहे, त्याला उपाशी ठेवायचंय, हे नव्या मुलीला कळलेलंच नसायचं. पेशंट नाश्ता करून मोकळा व्हायचा, तपासणी रद्द व्हायची, डॉक्टर त्या मुलीवर भडकायचे आणि ही हळहळत म्हणायची, ‘अगं, मला वाटलं तुला माहीत असेल.’ असं एकदा झालं तर विसर पडला म्हणता येतं. पण ते दर वेळी नव्या मुलीच्याच बाबतीत व्हायचं, इन्चार्जला ओव्हर देताना कधीच नाही.

पहिली शिक्षिका होती. वागण्याची पद्धत वाईट, ती सुधारायलाच हवी होती, पण शिक्षिका. दुसरीबद्दल मात्र वॉर्डात सगळे ‘किती शांत बाई’ म्हणायचे.

संशोधकांनीही हा मुद्दा हेरलेला आहे. कामाच्या जागी होणारा छळ मोजण्यासाठी नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातले स्टोले आयनारसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली २२ विधानांची प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. गेल्या ६ महिन्यांत हे तुमच्याबाबत किती वेळा घडलं, असं ती विचारते. त्यातलं पहिलंच विधान, तुमच्या कामावर परिणाम होईल अशी माहिती कुणीतरी तुमच्यापासून रोखून धरली, असं आहे. अंगावर ओरडण्याचं विधानही आहे, पण ते नंतर येतं. क्रमावरून तीव्रता ठरत नाही हे मान्य, तरी मला तो क्रम आवडतो. आणि ‘किती वेळा’ हा शब्द लक्षात ठेवा. इमर्जन्सीत कुणी एकदा झापलं, नंतर जवळ बसवून नीट सांगितलं, तर त्याला छळाच्या खात्यात घालू नका. तक्रारीचं वजन त्यानेच कमी होतं.

आता ‘आम्हीही सोसलं’बद्दल. नर्सिंगमधलं हे दुखणं जुनं आहे. आपण आपलीच पिल्लं खातोय का, असा सवाल जुडिथ मायस्नर या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने १९८६ साली एका लेखात उघडपणे विचारला, आणि तो जगभरच्या नर्सेसच्या तोंडी बसला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८३ मध्ये, सुझन रॉबर्ट्स यांनी कारण मांडलं होतं: डॉक्टर आणि व्यवस्थापनाखाली दबलेल्या गटाला वर बोलता येत नाही, म्हणून तो राग आपल्यातल्याच धाकट्यांवर काढतो. मला हे अर्धंच पटतं. यातून नर्सेसचा स्वभावच तसा, असा सूर निघतो आणि व्यवस्थापन नामानिराळं राहतं. ऑस्ट्रेलियातल्या मरी हचिन्सन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००६ मध्ये साधारण हाच आक्षेप घेतला. संस्थेत सत्ता कुणाकडे आहे, कुणाचं कुणाशी साटंलोटं आहे, तक्रारी कुठे जिरवल्या जातात, यावर छळ पोसला जातो, असं त्यांचं म्हणणं होतं.

उरलेलं कारण मनुष्यबळाचं आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा अभ्यास केला. एका नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्स कामाने पार पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. अशा पिचलेल्या वॉर्डात नवीन मुलगी येते. तिला शिकवायचं म्हणून सिनियरच्या वाटणीचे पेशंट कुणी कमी करत नाही. म्हणजे आपले सगळे पेशंट सांभाळून वर हिचं कामही तपासायचं. मदतीला आलेली मुलगी पहिले काही महिने ओझंच वाटते, आणि ओझ्यावर माणूस चिडतो. ओरडण्याचा उगम बऱ्याचदा इथे असतो. माहिती दाबण्याचा नसतो. सांगून टाकायला उलट वेळ कमीच लागतो.

त्या दाबलेल्या माहितीची किंमत शेवटी पेशंट मोजतो. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागाच्या २४ टीमवर एक प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांचं बाळ अचानक बिघडतं असा बनावट प्रसंग उभा केला होता. काही टीमना बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने सौम्य पण अपमानास्पद शेरे ऐकवले. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. तेवढ्यानेही त्या टीमचं निदान घसरलं आणि हातचं कामही. माणसांनी एकमेकांना माहिती सांगणं आणि मदत मागणं कमी केलं होतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने तर २००८ मध्येच इशारा काढून धाकदपटशाचं वागणं हा पेशंटच्या सुरक्षेचा प्रश्न ठरवला.

म्हणून तुमचीही भाषा तीच ठेवा. ‘सिस्टर माझ्याशी वाईट वागतात’ म्हणालात की ‘जरा घट्ट हो’ असं उत्तर मिळेल. ‘बेड अमुकच्या पेशंटला उपाशी ठेवायचं होतं, ते ओव्हरमध्ये आलं नाही, तपासणी रद्द झाली’ हे कुठल्याही मेट्रनला झटकता येत नाही.

उद्यापासून ओव्हर नर्सिंग स्टेशनवर घेऊ नका, बेडजवळ घ्या, चार्ट हातात धरून. समोरची सांगेल ते ऐकत बसण्यापेक्षा तुमचे प्रश्न ठरलेले असू द्या: ॲलर्जी, उपाशी ठेवायचंय का, थांबवलेली किंवा बदललेली औषधं, वेदनाशामकाचा शेवटचा डोस किती वाजता, यायचे राहिलेले रिपोर्ट, शिरेतली कुठली लाइन (सलाइनची नळी) कधी घातली, नातेवाइकांना काय सांगितलंय. प्रत्येक पेशंटला हेच, याच क्रमाने. शेवटी एक वाक्य: ‘याच्याबद्दल मला माहीत असायला हवं असं अजून काही आहे का?’ ‘नाही’ म्हटलं तर तेही ओव्हर बुकात उतरवा. सुरुवातीला चिडचिड होईल, ‘परीक्षा घेतेस का’ असंही कुणी विचारेल. घ्या ऐकून. आठवडाभरात बहुतेकींना सवय होते, आणि जिला होत नाही तिचं नाव तुम्हाला कळतं.

उत्तरं आधी तोंडपाठ करून ठेवणं हा प्रकार मला पूर्वी पोरकट वाटायचा. पण मार्था ग्रिफिन यांनी २००४ मध्ये २६ नव्या नर्सेसवर तोच वापरला. नर्सेस एकमेकींना छळण्याचे नेहमीचे प्रकार कोणते, आणि त्यावर काय बोलायचं, हे छोट्या कार्डांवर छापून ओळखपत्राबरोबर लावायला दिलं. अपमान झाला की डोकं रिकामं होतं, म्हणून वाक्य आधीपासून तयार हवं. तुमच्यासाठी दोन पुरेत. पेशंटसमोर ओरडल्यावर: ‘सिस्टर, चुकलं असेल तर मला सांगा, पण आपण बाजूला जाऊन बोलू.’ माहिती दाबल्यावर, नंतर एकटीला गाठून: ‘हे तुम्हाला माहीत होतं असं चार्टवरून दिसतंय. मला आधी कळलं असतं तर पेशंटचा दिवस वाया गेला नसता.’ एवढंच बोलायचं आणि थांबायचं. स्पष्टीकरण देत बसायचं नाही, रडू आलं तर येऊ द्यायचं.

नोंदी ठेवा. तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते, पेशंटवर काय परिणाम झाला. ही वही घरी ठेवा आणि त्यात पेशंटचं नाव कधीही लिहू नका. चार्टचे फोटो मोबाइलमध्ये घेऊ नका. गोपनीयतेचा भंग झाला की तुमच्यावरचा अन्याय बाजूला राहतो आणि चौकशी तुमचीच लागते. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षरही नको. तिथलं सगळं इन्चार्जपर्यंत पोचतं, मीही इन्चार्ज होते. इन्सिडेंट रिपोर्टमध्ये घटना लिहा, माणसाचा स्वभाव लिहू नका. लेखी तक्रार करताना मागणी काय ते स्पष्ट असू द्या: दुसरी सिनियर, दुसरी शिफ्ट किंवा दुसरा वॉर्ड. इन्चार्जच त्यात असतील तर तिला वगळून नर्सिंग सुपरिंटेंडेंटकडे जाणं योग्यच आहे, त्याला चहाडी म्हणत नाहीत. ‘तू अजून प्रोबेशनवर आहेस’ असं कुणी दटावलं तर हेही माहीत असू द्या: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये केलेला १९० क्रमांकाचा करार कामाच्या जागच्या छळापासून प्रशिक्षणार्थी आणि इंटर्न यांनाही संरक्षण देतो, आणि त्यात एकदाच घडलेली घटनाही धरली जाते. करार पाळणं बंधनकारक मात्र तो मंजूर केलेल्या देशांवरच असतं.

नाइट ड्युट्यांचं सोपं आहे. दोन महिन्यांचं ड्युटी रोस्टर घ्या, सगळ्यांच्या नाइट मोजा. आकडे खरंच वाकडे असतील तर तो कागदच इन्चार्जसमोर ठेवा. नसतील तर ही तक्रार सोडून द्या.

नोकरी सोडायची का? झोप उडाली असेल, ड्युटीच्या आधी पोटात गोळा येत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर पुढचं काहीही ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटा, आणि ते तुमच्या हॉस्पिटलबाहेरचे असू द्या. एरवी मी मुलींना एकच विचारते: रात्री तीन वाजता पेशंटचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरायला लागलं आणि काय करावं सुचेना, तर तू सिनियरला हाक मारशील का? ‘मारीन, शिव्या खाईन, पण मारीन’ असं उत्तर असेल तर अजून थांबता येईल, लढता येईल. ‘आधी जरा वाट बघीन’ असं असेल तर तो वॉर्ड सोडा. तिथे आता तुमच्याकडूनही माहिती अडायला लागली आहे. घडलेली चूक लपवाविशी वाटते आहे का, हेही स्वतःला विचारून बघा. आधी बदली मागा, राजीनामा त्यानंतर. आणि वाईट नाइटनंतरच्या सकाळी राजीनामा लिहू नका. झोपून उठा, मग लिहा. सोडताना अनुभवाचं पत्र हातात पडेपर्यंत भांडण उकरू नका.

नव्या जागी मुलाखतीला गेलात की पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा. नव्या नर्सला पहिले किती आठवडे स्वतंत्र पेशंट देत नाही? आणि शिफ्ट बदलताना मला एक ओव्हर बघू द्याल का? पहिल्याचं उत्तर ‘तशी पद्धत नाही, येता येता शिकतात’ असं आलं, किंवा दुसऱ्याला उगाच आढेवेढे घेतले, तर पुढच्या हॉस्पिटलला अर्ज करा.