वाचकांचे प्रश्न : छावणीच्या जागी कुरण

प्रश्न : अमेरिकेत मोंटाना राज्यातला फोर्ट कीओ हा लष्करी किल्ला पुढे गुरांचं केंद्र झाला, असं वाचलं. तटबंदीच्या आत एवढी जनावरं चरतात कुठे? आणि त्यासाठी किल्लाच का? – एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपला गड डोळ्यांसमोर आणू नका, मुरारची छावणी आणा. मधे कवायतीचं मैदान, भोवती बराकी, तबेले, कोठारं, आणि पलीकडे नुसतं गवत. जून 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन या मूळ रहिवाशांकडून अमेरिकी फौजेचा अधिकारी कस्टर याचा पराभव झाला. त्याच वर्षी कर्नल नेल्सन माइल्सने टंग आणि यलोस्टोन नद्यांच्या संगमापाशी हा तळ टाकला. त्या लोकांना त्यांच्याच मुलखातून हुसकावायला तो होता, हे विसरू नये.

आता गवताकडे या. फौजेच्या घोड्याचा रोजचा शिधा 14 पौंड वाळलं गवत आणि 12 पौंड दाणा. 500 घोडे धरले तरी दिवसाला तीन टनांहून जास्त गवत. म्हणून पाणी आणि कुरण बघूनच तळ पडायचा. 1881 मध्ये रेल्वेही आली. गुरं पाळायला तरी आणखी काय लागतं? फौज गेल्यावर तिथे घोडे तयार करणारा रिमाउंट डेपो झाला आणि 1924 मध्ये जागा कृषी खात्याकडे गेली. आज ती सुमारे 55,000 एकर आहे.

नुसतं कुरण असून भागत नाही, हे त्या भागाने 1886-87 च्या हिवाळ्यात भोगलं. उन्हाळा कोरडा गेलेला, गुरं कुरणाला झेपतील त्याहून जास्त, वाळल्या गवताच्या गंजी कुणी रचलेल्या नाहीत. बर्फ थोडं वितळून पुन्हा गोठलं आणि गवतावर कडक खपली बसली. घोडा खुराने बर्फ उकरतो. गाय तोंडाने ढकलते, तिला ती खपली फुटत नाही. गुरं उपाशी मेली.

हिशेब असा करतात : 450 किलोची गाय वासरासह दिवसाला सुमारे 12 किलो वाळला चारा खाते, म्हणजे महिन्याला 360. उभ्या गवतातलं निम्मंच चारायचं, नाहीतर मुळं खंगतात. एकरी 400 किलो गवत असेल, तर गायीमागे महिन्याला 1.8 एकर तरी हवेत.

प्रश्न : फोर्ट कीओला 1934 पासून बाहेरचा वळू न आणता हेरफर्ड गाई वाढवल्या आहेत ना? मग गावात एकच वळू ठेवला तर बिघडतं काय? – एक पशुपालक, डबरा

उत्तर : खूप बिघडतं. तो ‘लाइन वन’ कळप संशोधनासाठी आहे. तिथे प्रत्येक जनावराची वंशावळ लिहिलेली असते आणि वळू निवडून घेतात. त्याच कळपातल्या डॉमिनेट या गाईचा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण आराखडा, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यात अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, सुमारे 30 टक्के होतं. जनुकांच्या दोन्ही प्रती बऱ्याच ठिकाणी सारख्या, म्हणून आराखड्याच्या तुकड्यांची जुळणी सोपी गेली. प्रयोगशाळेला जे सोयीचं, ते गोठ्याला मारक. बापाकडून लेक भरली की वासरात अंतःप्रजनन 25 टक्क्यांवर जातं. वासरं हलकी होतात, कालवडी उशिरा माजावर येतात, गाई उलटतात, म्हणजे भरूनही गाभण राहत नाहीत.

म्हणून वळूच्या लेकी माजावर येण्याआधी, साधारण अडीच-तीन वर्षांनी, तो लांबच्या गावच्या वळूशी बदला. कृत्रिम रेतन करत असाल तर रेताच्या नळीवरचा (स्ट्रॉवरचा) वळूचा क्रमांक गाईच्या नावापुढे त्याच दिवशी वहीत लिहा. तिची कालवड भरवताना तो क्रमांक टाळायचा.