मूळचं काम म्हणजे नक्की काय गं?

अगं,

तुझा मेल दोनदा वाचला. तुमच्या संस्थेच्या बोर्डाला आता मानसिक आरोग्याचं काम घ्यायचंय कारण सध्या त्यालाच ग्रांट मिळतायत, आणि तुला वाटतंय की माता-बाल आरोग्याचं मूळचं काम सोडून आपण भलतीकडेच निघालोय. चिडचिड समजते. पण "मूळचं काम" म्हणजे नक्की काय, हे तू एवढ्या लांबलचक मेलमध्ये कुठेच लिहिलेलं नाहीस, आणि गोम तिथेच आहे.

अमेरिकेतल्या मार्च ऑफ डाइम्स या संस्थेचं बघ. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी 1938 मध्ये पोलिओसाठी ते फाउंडेशन काढलं, लोक दहा-दहा सेंटची नाणी पाठवायचे. 1955 मध्ये साल्कची लस यशस्वी ठरली आणि ज्या आजारासाठी जन्म घेतला तोच जायला लागला! 1958 मध्ये त्यांनी जन्मजात व्यंगांकडे मोर्चा वळवला, पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया ॲपगार (नवजात बाळाचा स्कोर काढतात ना, त्याच बाई) तिथे रुजू झाल्या, आणि नंतर कधीतरी मुदतपूर्व जन्म हा विषय आला. आजार बदलत गेले, मुलं मात्र सुटली नाहीत. आता संस्थेला जगायचं होतं म्हणून काम शोधलं असंही कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटं नाही, पण जगायची धडपड सगळ्याच संस्था करतात, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

मला खरं तर याहून जास्त आवडतं ते बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेचं काम. 1980 पासून दहा वर्षं त्यांच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी शिकवत होत्या, तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, बस. नंतर दुसरं कोणीतरी जाऊन काही आयांना विचारायचं, आणि त्यांना किती आठवतंय त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. आयांना सगळं पाठ असायचं. पण मूल आजारी पडलं की ते पाणी करणाऱ्या निघाल्या अगदी थोड्या! दुसरं कोणी असतं तर "प्रशिक्षण 100 टक्के" असा रिपोर्ट पाठवून मोकळं झालं असतं. हे लोक परत गेले आणि विचारत बसले, तेव्हा कळलं की शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर नीट विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घ्यायच्या, आणि घरातल्या पुरुषांना तर कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, पुरुषांशी वेगळं बोलायला सुरुवात केली, असं करत करत एक कोटीहून जास्त घरांपर्यंत पोचले. पद्धत कितीदा मोडली आणि जोडली, पण जुलाबाने मूल दगावू नये ही गोष्ट तसूभर हलली नाही. बदल असा फील्डवरून वर आला ना, की मला त्याची भीती वाटत नाही.

उलटं कसं होतं ते मी केलंय. एका डोनरने टॅब्लेट आणि ॲपसाठी मोठी ग्रांट देऊ केली, मी दुसऱ्या दिवशीच हो म्हटलं. सहा महिन्यांत आमच्या आरोग्यसेविका संध्याकाळभर फॉर्म भरत बसायला लागल्या आणि होम व्हिजिट कमी झाल्या, डॅशबोर्ड मात्र असा सुंदर हिरवागार की बोर्ड मीटिंगमध्ये टाळ्या. एका सेविकेने मला सरळ विचारलं, ताई, बाळ बघायचं की स्क्रीन? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या ग्रांटमधून बाहेर पडायला पुढे दोन वर्षं गेली, पैसे घेणं सोपं असतं गं, परत करणं फार अवघड.

आता तुमच्या मानसिक आरोग्याचं. तू ते माता-बाल आरोग्याच्या विरुद्ध धरून चालली आहेस, तसं ते असेलच असं नाही. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात लेडी हेल्थ वर्कर्सना (म्हणजे तिथल्या गावोगावच्या आरोग्यसेविका) नैराश्यातल्या आयांशी कसं बोलायचं हे शिकवलं, वेगळा स्टाफ नाही, त्याच बायका, त्याच व्हिजिट. 2008 मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नैराश्य 23 टक्के आयांमध्ये उरलं होतं आणि ज्यांना नुसत्याच व्हिजिट मिळाल्या त्यांच्यात 53 टक्के. हे मूळचं कामच झालं की! पण बोर्डाच्या मनात शहरातल्या ऑफिसांसाठी हेल्पलाइन असेल तर ते तुमचं काम नाही, मग पैसे कितीही असोत.

म्हणून आधी एका ओळीत लिही, कोणासाठी आणि त्यांच्या आयुष्यातलं काय कमी व्हायला हवं. त्यात आजाराचं नाव नको, पद्धतीचं तर नकोच. ती ओळ आणि बोर्डाचं प्रपोजल शेजारी शेजारी ठेव, आणि मीटिंगच्या आधी दोन्ही तुमच्या सेविकांना वाचून दाखव, समजावत बसू नकोस, फक्त वाच. त्या कुठे हसल्या ते मला कळव, मग पुढचं बोलू.

तुझी ताई