जुन्या रोटाव्हेटरला रंग नंतर द्या, आधी जॉइंट बघा

दादा, सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेसाठी मिनी ट्रॅक्टरचा तीन फुटी जुना रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) तुम्ही भंगारातून घेतलाय. तो थरथरतो, शिअर बोल्ट (जास्त भार आला की आधी तुटून मशीन वाचवणारा बोल्ट) सारखा तुटतो आणि मेकॅनिक म्हणतो, ‘हार्ड बोल्ट टाकून देतो.’ हे वाचलं आणि राहवलं नाही. तो बोल्ट टाकू देऊ नका. आमचा गिअरबॉक्स त्याच बोल्टपायी गेला.

गंज काढणं, ग्रीस मारणं, सील बदलणं यावर लिहीत नाही, ते तुम्ही करालच.

आमचं रान तासगावच्या बाजूला, द्राक्षबाग, वरच्या अंगाला मुरूम आणि धोंडे. आमचा रोटर, म्हणजे रोटाव्हेटर, जुना होता, पण चांगला चालायचा. पीटीओ जॉइंटचा (ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टची ताकद रोटरला देणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांध्यातला अधिक चिन्हासारखा भाग, वाजायला लागला म्हणून एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये दिला. क्रॉस नवा घातला, पण चौकोनी शाफ्ट परत नळीत घालताना तो ९० अंशांनी फिरवून बसवला. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके भाग) एका रेषेत असावे लागतात, ते आडवे-उभे झाले. जॉइंट तिरका चालत असला की पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. योक एका रेषेत असले तर दुसरा क्रॉस हा फरक खाऊन टाकतो. नसले तर फरक आणखी वाढतो आणि रोटरला सतत हिसके बसतात. त्यानंतर आमचाही शिअर बोल्ट सारखा तुटायला लागला, तो या हिसक्यांनी. जमिनीचा काही दोष नव्हता.

पुन्हा तिथेच नेला. कुणी जॉइंटकडे बघितलंसुद्धा नाही, १२.९ ग्रेडचा अ‍ॅलन बोल्ट ठोकून दिला. बोल्टच्या डोक्यावरचा पहिला आकडा शंभराने गुणला की त्याची ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते. ८.८ चा साधारण ८००, १२.९ चा १२००. म्हणजे दीडपट मजबूत बोल्ट, आणि तोही अशा जागी, जिथे बोल्टचं कामच तुटण्याचं आहे. शिअर बोल्ट म्हणजे घरातला फ्यूज. पुढे धोंडा लागला तेव्हा बोल्ट शाबूत राहिला, पिनियनचे (गिअरबॉक्समधल्या छोट्या गिअरचे) दात गेले आणि गिअरबॉक्सची बिडाची (ओतीव लोखंडाची) पेटी तडकली.

वर्कशॉपचं उत्तर, ‘मशीन जुनं झालंय, नवीन घ्या.’ कोणता बोल्ट टाकला ते जॉब कार्डवर लिहून द्या म्हटलं, तर तेही दिलं नाही. माझा आजही राग त्याच गोष्टीवर आहे. चूक कुणाकडूनही होते, पण शेतकऱ्याला कागद न देता वाटेला लावणं हा अन्याय आहे. म्हणून सांगतो, अवजार दुरुस्तीला देण्याआधी जॉइंटचे, बोल्टचे, गिअरबॉक्सचे फोटो काढा, आणि काम काय केलं ते बिलावर लिहून घ्या. आपण भांडखोर वाटू या भीतीने गप्प बसू नका.

मी इंजिनिअर नाही, तुमचं मशीन समोर बघितलेलंही नाही. पण तुमच्या जागी मी आधी जॉइंट सपाट जागेवर ठेवून योक एका रेषेत आहेत का ते बघेन. मग सर्वांत लांब स्थितीतसुद्धा शाफ्ट नळीत पुरेसा आत राहतो का, आणि हायड्रॉलिकने रोटर उचलला तरी टोकाला भिडत नाही ना, ते तपासेन. बोल्टचा ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेतलाच घ्या, तीन-चार जादा पेटीत ठेवा. बांधाला वळताना पीटीओ बंद करूनच रोटर उचला. काही मिनी ट्रॅक्टरना पीटीओच्या दोन-तीन गती असतात, जुना रोटर वेगवान गतीवर चालवू नका.

पात्यांची मांडणीही बघा. एल पाती (इंग्रजी L च्या आकाराची) डावी-उजवी असतात, आणि रोटरवर एकामागून एक मळसूत्रासारखी लावलेली असतात, म्हणजे सगळी एकदम मातीत शिरत नाहीत. कुणी मनाने लावली असतील तर त्यानेही थरथर होते. टोकाच्या फ्लँजवरची (पाती बसवायच्या चकतीवरची) सगळी पाती आतल्या बाजूला वळलेली हवीत.

सुट्या भागांसाठी ‘मॉडेल बंद झालं’ हे ऐकून परत फिरू नका. बेअरिंगवर नंबर असतो. ६२०६ म्हणजे आतून ३० मिमी, बाहेरून ६२, रुंदी १६, कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल. सीलवरही मापं छापलेली असतात. गिअरबॉक्स उघडलात तर शिम (पातळ चकत्या) जशा निघतील त्या क्रमाने तारेत ओवून ठेवा, क्राउन (मोठा गिअर) आणि पिनियनची मधली जागा त्यांच्यावरच ठरते. पेटी तडकली असेल तर बिडाला साधा वेल्डिंग रॉड लावू देऊ नका. निकेलचा रॉड हवा, आधी तापवून आणि नंतर चुन्यात सावकाश निववून. तरी टिकेलच असं नाही.

आणखी एक, माझं मत म्हणून घ्या. बागेत वाफसा (मशागतीला योग्य ओल) नसताना रोटर घालू नका आणि चार इंचांच्या खाली जाऊ नका. दरवेळी एकाच खोलीवर फिरवला की खाली माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही. तण काढायला दरवेळी रोटर हवाच असंही नाही, गवत कापून तिथेच टाकलं तर जमीन जास्त बरी राहते.

पाती बसवल्यावर पहिला तासभर चालवून, इंजिन बंद करून सगळे नट पुन्हा आवळा. आणि बाजूच्या केसमध्ये चेन आहे की गिअर ते लिहा किंवा फोटो टाका. चेन असेल तर तिचा ताणही बघावा लागेल, तो कसा ते सांगतो.