मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या पदवीत शिकण्यासारखं काय असतं, आणि अभ्यास कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा आहे : मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांच्या पदवीला जायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात की त्यात शिकण्यासारखं काय आहे, पुस्तकं तर घरी बसूनही वाचता येतात. आणि गेलोच, तर अभ्यास करायचा कसा?

मी ही पदवी केली आहे. इतिहास मुख्य विषय, जोडीला समाजशास्त्र. आधी एक प्रसंग सांगते, कारण घरच्यांच्या शंकेचं उत्तर मला त्यातच मिळालं.

पहिल्या वर्षी फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवर निबंध लिहायचा होता. मी झाडून सगळी कारणं लिहिली : रिकामी तिजोरी, सामान्यांवरचा कराचा बोजा, महागलेला पाव, नवे विचार. मन लावून, सुवाच्य अक्षरात. निबंध परत आला तेव्हा खाली शेरा होता, ‘माहिती बरोबर आहे. पण तुमचं म्हणणं काय?’ गुणही बेताचेच. मी फार खट्टू झाले. सगळं बरोबर असताना आणखी काय हवं होतं, तेच कळेना.

दोन दिवसांनी बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारलं, ‘कराचा बोजा तर पिढ्यान्‌पिढ्या होता. मग 1789च का?’ त्या एका प्रश्नाने माझी सगळी यादी मोडीत निघाली. मी पुन्हा वाचायला बसले. 1788 साली पीक बुडालं होतं आणि पावाचे भाव चढले होते, हे मला माहीत होतं. पण पैशाची सोय करण्यासाठी राजाने त्याच सुमारास इस्टेट्स जनरल ही धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक यांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली होती, आणि ती सभा त्याआधी 1614 साली भरली होती, याचं महत्त्व मला तोवर उमगलंच नव्हतं. पावणेदोनशे वर्षांनी राजाच लोकांना सांगत होता की तुमची गाऱ्हाणी लिहून पाठवा. गावोगावी तशा वह्या भरल्या गेल्या. गाऱ्हाणी जुनीच होती, पण ती मांडायला जागा त्या वर्षी मिळाली आणि अपेक्षा वाढल्या, असं मी दुसऱ्या निबंधात मांडलं. कोणी ते खोडूनही काढू शकेल, पण आता खोडण्यासारखं काहीतरी माझ्याकडे होतं.

घरी बसून हीच पुस्तकं मी वाचली असती. पण ‘1789च का?’ असं विचारणारं समोर कोणी नसतं. तुम्ही लिहिलेलं दुसऱ्याने बारकाईने वाचणं, त्यातली फट दाखवणं आणि तुम्ही ते पुन्हा लिहिणं, हे तीन वर्षांत किती वेळा घडतं त्यावर ही पदवी किती मोलाची ते ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

विषयागणिक शंका घेण्याची रीत मात्र बदलते. भाषेच्या अभ्यासातलं उदाहरण घ्या. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडची सत्ता पोपला बहाल केली, असं सांगणारा एक दस्तऐवज युरोपात शतकानुशतकं खरा मानला जात होता. 1440 साली लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन पंडिताने दाखवून दिलं की त्यातली लॅटिन भाषा चौथ्या शतकातली असूच शकत नाही. रोमच्या अधिकाऱ्यांना तिथे ‘सॅट्रप’ म्हटलं होतं, म्हणजे आपण ज्याला क्षत्रप म्हणतो तोच मूळचा इराणी शब्द, आणि त्या काळच्या रोममध्ये तो कोणी तसा वापरत नव्हतं. निव्वळ शब्दांकडे नीट पाहून एवढी मोठी बनावट उघडी पडली. मला हे आजही थरारक वाटतं.

समाजशास्त्र आणि राज्यशास्त्रात तीच शंका आकड्यांवर घ्यायची असते. 1936च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी एका प्रसिद्ध साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असा अंदाज छापला गेला. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48पैकी 46 राज्यं जिंकली. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते. मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी कोणाकडे असणार? शिवाय ज्यांनी उत्तरच पाठवलं नाही, त्यांचा कल वेगळा असू शकतो हे कोणी धरलं नव्हतं. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी लोकांचा नमुना घेऊन विजेता बरोबर सांगितला. हे एकदा समजलं की ‘इतक्या लाख लोकांचं मत’ असं वाचल्यावर आपण आधी विचारतो, हे लोक निवडले कसे? म्हणून माझा आग्रह आहे की संख्याशास्त्राची एखादी तासिका असेल तर ती टाळू नका. गणिताला कंटाळून इकडे येणारे नेमकी तीच टाळतात आणि मग शेवटच्या वर्षी दुसऱ्यांनी काढलेल्या निष्कर्षांवर डोळे मिटून विसंबून राहतात.

आता अभ्यासाचं. वर्गातले तास तुलनेने कमी असतात आणि वाचनाची यादी न संपणारी. सुरुवातीला मी प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची आणि महिन्याभरात पार मागे पडले. नंतर हातात पडलेल्या लेखाची आधी प्रस्तावना आणि शेवट वाचायला लागले. लेखक कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय, आणि कोणाशी भांडतोय? हे दोन कळले की मधली पानं वाचताना कुठे थांबायचं आणि कुठे भरभर पुढे जायचं ते आपोआप समजतं. अवघड सैद्धांतिक लेखन मात्र या घाईत बसत नाही. तिथे एका बैठकीत चारच पानं वाचा, पण परिच्छेद संपल्यावर तो स्वतःच्या शब्दांत सांगून पाहा. सांगता आला नाही तर तो समजलेला नाही.

टिपणं काढताना पुस्तक मिटून काढा आणि जिथे लेखकाचेच शब्द उतरवाल तिथे अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक लगेच घाला. लगेच, नंतर नाही. शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहिताना माझ्या वहीत एक सुंदर वाक्य सापडलं आणि ते माझं की दुसऱ्या कोणाचं ते आठवेना. तीन दिवस ग्रंथालयात शोधलं. सापडलं नाही, म्हणून ते वाक्य सोडून दिलं. ते तसंच ठेवलं असतं आणि परकं निघालं असतं, तर ती वाङ्मयचोरीच ठरली असती.

लिहायला ‘सगळं वाचून झाल्यावर’ बसू नका. सगळं कधीच वाचून होत नाही. अर्धं वाचल्यावर एक कच्चा खर्डा लिहा. काय वाचायचं राहिलंय ते तोच दाखवतो. प्रास्ताविक सगळ्यात शेवटी लिहा.

नोकरीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण घरच्यांच्या मनात तेच असणार. वैद्यकीय पदवीसारखी इथून एकाच पेशाकडे जाणारी सरळ वाट नाही. लोक पुढे कायदा, पत्रकारिता, अध्यापन, प्रशासन, अभिलेखागारं, भाषांतर, सर्वेक्षण अशा वेगवेगळ्या कामांत जातात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा आणखी एखादं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पदवी हातात पडताच ठरावीक हुद्दा मिळालाच पाहिजे अशी घरची गरज असेल, तर हा मार्ग ओढाताणीचा होईल. ती गरज खरी असते, तिला कमी लेखू नका. तशी अडचण नसेल तर शिकत असतानाच काहीतरी दाखवण्याजोगं तयार करा : मुलाखतींवर आधारलेला लघुप्रबंध, एखादं छोटं पण नीट केलेलं सर्वेक्षण, मूळ भाषेतून केलेला अनुवाद.

प्रवेशाआधी एक काम नक्की करा. त्या विभागात शेवटच्या वर्षाला असलेल्या दोघा-तिघांना गाठा आणि विचारा की वर्षभरात किती निबंध लिहून घेतात, ते शेरे मारून परत मिळतात का, आणि लघुप्रबंध आहे का. जमलं तर त्यांचा परत आलेला एखादा निबंध मागून घ्या आणि समासात काय लिहिलंय ते वाचा.